किम युना कोरियाची एवढी लाडकी का? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हिवाळी ऑलिंपिकवरच्या लेखात आम्ही किम युना या कोरियन फिगर स्केटरचा उल्लेख दोनच ओळींत उरकला होता. सोलापूरच्या वाचकांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

आम्ही मैत्रिणी कोरियन मालिका बघतो. स्केटिंगचा विषय निघाला की तिथले लोक किम युनाबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात. एका खेळाडूचं एवढं काय? आणि तिचं नाव युना की यॉन-आ?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

नावाचं आधी सांगतो. कोरियन उच्चार किम यॉन-आ असा आहे. किम हे आडनाव, ते तिकडे आधी येतं. पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं पडलं आणि जगभर ‘युना’ रूढ झालं. दोन्ही चालतं.

आता ‘एवढं काय’. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1910 ते 1945 कोरियावर जपानचं राज्य होतं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सोन की-जॉंग या कोरियन धावपटूने मॅरेथॉन जिंकली, पण जपानच्या नावाने. छातीवर जपानी झेंडा होता आणि नावसुद्धा जपानी वळणाने लिहिलेलं. सोलमधल्या ‘दोंग-आ इल्बो’ या वर्तमानपत्राने त्याचा फोटो छातीवरचा झेंडा पुसून छापला. त्यापायी माणसांना अटक झाली आणि पेपर कित्येक महिने बंद पडला. 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे ज्या शहराने पाहिले, त्या शहराला झेंड्याचं मोल आम्ही काय सांगणार? कोरियात खेळाच्या मैदानावर झेंडा वर जातो तेव्हा ही जुनी गोष्ट पाठीशी उभी असते. आणि समोर जपानी खेळाडू असेल तर विचारूच नका.

किम युनासमोर जपानीच खेळाडू होती, आणि तीही साधीसुधी नाही. किम 5 सप्टेंबर 1990 ची, तर जपानची माओ असादा 25 सप्टेंबर 1990 ची. अंतर अवघं वीस दिवसांचं. 2005 ची जागतिक ज्युनियर स्पर्धा असादाने जिंकली आणि किम दुसरी आली. पुढच्याच वर्षी किमने ते विजेतेपद घेतलं. ज्युनियर गटात एवढी मजल मारणारी ती पहिली कोरियन. त्यानंतर आठ वर्षं या दोघी एकमेकींसमोर येत राहिल्या. असादाही थोर स्केटर होती, हे विसरून किमचं कौतुक करणं आम्हाला पटत नाही.

दुसरं कारण असं की तिच्याआधी या खेळात जगभर नाव कमावलेलं कोरियाचं कुणी नव्हतंच. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या आधी हिवाळी ऑलिंपिकमधलं कोरियाचं प्रत्येक सुवर्ण शॉर्ट ट्रॅक या बर्फावरच्या स्केटिंग शर्यतीतलं होतं. म्हणजे घड्याळ आणि रेषा यांचा खेळ, आधी पोचेल तो जिंकेल. फिगर स्केटिंगमध्ये परीक्षक बसतात. तुमच्या उडीसोबत तुमचा डौल आणि संगीताची जाण यांनाही गुण पडतात. ही अभिरुची अनेक दशकं युरोप-अमेरिकेने ठरवली, पुढे त्यांच्या पंगतीला जपान आलं. तिथे सोलजवळच्या बुचॉनमध्ये जन्मलेली, गुनपोत वाढलेली मुलगी गेली. साध्या सार्वजनिक रिंकवर, इतरांची वेळ संपल्यावर ती सराव करत असे. अशी मुलगी जगाला मान्य करायला लावते, यातला अभिमान मोजणीच्या खेळातल्या अभिमानापेक्षा वेगळा असतो. ‘आम्हीही पळू शकतो’ हे त्यांनी आधीच दाखवलेलं होतं. आमच्या मते किमने सिद्ध केलं ते हे, की सौंदर्याच्या बाबतीत आम्हाला कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. प्यॉंगचांगने 2010 चं ऑलिंपिक मागितलं, ते व्हँकुव्हरला गेलं. 2014 चं मागितलं, ते सोचीला गेलं. त्याच व्हँकुव्हरमध्ये किमने सुवर्ण घेतलं आणि त्याच सोचीत रौप्य. मधल्या काळात, जुलै 2011 मध्ये, डर्बनला ऑलिंपिक समितीसमोर तिने प्यॉंगचांगसाठी भाषण केलं. मतदान झालं ते असं: प्यॉंगचांग 63, म्युनिक 25, अ‍ॅनसी 7. सगळं श्रेय एकट्या तिचं नाही, पण कोरियन माणसाच्या मनात ते चित्र कायमचं बसलं. 2018 मध्ये उद्घाटनाची ज्योत शेवटी कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसावा. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त आइस हॉकी संघातल्या दोन मुलींनी मशाल पायऱ्या चढून वर नेली. वर छोट्याशा बर्फावर स्केटिंग करत किम आली आणि तिने ज्योत पेटवली.

कबड्डीत गडी बाद झाला की गुण, खो-खोतही तसंच. इथे व्हँकुव्हरला किमला मिळालेला 228.56 असा दशांशातला आकडा येतो कुठून? परीक्षकांची मर्जी म्हणायची का?
– निवृत्त क्रीडाशिक्षक, सात रस्ता

मर्जीचा भाग आहे, पण वाटतो त्याहून लहान. पूर्वी 6 पैकी गुण देत. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या संगनमताचं प्रकरण गाजलं, तेव्हा ती पद्धत मोडीत काढून नवी आणली. किमचं करिअर नव्या पद्धतीतलं. खाली सांगतो ते नियम 2010 चे आहेत, पुढे त्यात बदल झाले.

स्पर्धा दोन भागांत होते. शॉर्ट प्रोग्रॅम जास्तीत जास्त 2 मिनिटं 50 सेकंदांचा. त्यात महिलांना ठरलेले 8 घटक करावे लागत: एक जोड-उडी, एक अ‍ॅक्सल (पुढे तोंड ठेवून घेतलेली उडी), एक सुटी उडी, तीन गिरक्या, एक पदन्यास आणि एक स्पायरल. स्पायरल म्हणजे एका पायावर घसरत दुसरा पाय मागे कमरेच्या वर धरणं. दुसरा भाग फ्री स्केटिंगचा, 4 मिनिटांचा, दहा सेकंद इकडेतिकडे चालत.

प्रत्येक घटकाला छापील किंमत असते. लुट्झ, टो लूप ही उड्यांची नावं; ट्रिपल म्हणजे हवेत तीन गिरक्यांची, तिहेरी उडी. ट्रिपल लुट्झ 6.0, ट्रिपल टो लूप 4.0, दोन्ही लागोपाठ घेतल्या तर 10.0. कोणती उडी घेतली आणि ती पूर्ण फिरली का, हे परीक्षक ठरवत नाहीत, वेगळं तांत्रिक मंडळ व्हिडिओ थांबवून ठरवतं. पाव गिरकीहून जास्त कमी पडली तर तेव्हा तिहेरी उडी थेट दुहेरी धरत. मग परीक्षक त्या घटकाच्या दर्जासाठी उणे 3 ते अधिक 3 अशी श्रेणी देत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी श्रेणी वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. दशांश तिथून येतात. फ्री स्केटिंगच्या उत्तरार्धात घेतलेल्या उड्यांना 10 टक्के जादा मिळत, कारण तोवर मांड्या भरून आलेल्या असतात. पडलात तर दर्जाचे गुण जातातच, वर एकूण गुणांतून 1 कापला जातो.

याच्या जोडीला कलागुण. स्केटिंगचं कौशल्य, घटकांमधली जोडणी, सादरीकरण, रचना आणि संगीताचा अर्थ, असे पाच रकाने, प्रत्येकी 10 पैकी. महिलांसाठी शॉर्टमध्ये बेरजेला 0.8 ने आणि फ्रीमध्ये 1.6 ने गुणायचं.

आता 23 आणि 25 फेब्रुवारी 2010 चा हिशेब मांडा. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तांत्रिक 44.70 अधिक कला 33.80, म्हणजे 78.50. फ्रीमध्ये तांत्रिक 78.30 अधिक कला 71.76, म्हणजे 150.06. दोन्ही मिळून 228.56. उलटं गणित करून बघा: 71.76 ला 1.6 ने भागा आणि आलेल्या संख्येला 5 ने. प्रत्येक रकान्यात तिला सरासरी 8.97 मिळाले, असं निघेल. दुसरी आलेल्या असादाचे एकूण 205.50 आणि कॅनडाच्या जोआनी रोशेतचे 202.64.

इथली मौज अशी की असादाकडे ट्रिपल अ‍ॅक्सल होती. छापील किंमत 8.2. त्या ऑलिंपिकमध्ये तिने ती तीन वेळा घेतली, आणि महिलांमध्ये हे फारच मोठं काम होतं. किमकडे ती उडी नव्हतीच. तिने जे येत होतं ते घासून-पुसून असं केलं की प्रत्येक घटकाला छापील किमतीवर जादा मिळत गेले. शॉर्टमध्ये दोघींत फक्त 4.72 गुणांचा फरक होता, फ्रीमध्ये तो 18.34 झाला. आपल्याकडे मोठ्या फटक्याचं कौतुक लवकर होतं. किमचं सुवर्ण स्वच्छ कामाचं आहे, एवढं शिष्यांना जरूर दाखवा.

मुलगा रोलर स्केटिंग करतो. व्हिडिओत सगळे म्हणतात, युनाची लुट्झ पुस्तकात छापावी अशी. मला लुट्झ आणि फ्लिप सारख्याच दिसतात. नेमकं बघायचं काय?
– एक पालक, विजापूर रोड

पाय बघायचा, तोही डावा, आणि उडीच्या आधीचा. हवेतल्या गिरक्यांकडे बघू नका, तिथे सगळ्या उड्या सारख्याच दिसतात.

स्केटचं पातं साधारण 4 मिलिमीटर जाड असतं. सुरीसारखं धारदार नसतं. तळाला उलट्या पन्हळीसारखी खाच असते, त्यामुळे त्याला दोन कडा मिळतात: अंगठ्याकडची आतली आणि करंगळीकडची बाहेरची. पुढच्या टोकाला दाते असतात. किम घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. लुट्झ आणि फ्लिप या दोन्हींत ती मागे घसरत येते, डाव्या पायावर उभी असते, उजव्या पायाचे दाते मागे बर्फात रोवते आणि उडते. उतरते उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर. इथवर दोन्ही उड्या सारख्या.

फरक एवढाच: फ्लिपमध्ये डावा पाय आतल्या कडेवर असतो, लुट्झमध्ये बाहेरच्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाहेरच्या कडेवर मागे घसरताना शरीर घड्याळाच्या दिशेने वळण घेत असतं आणि उडी मारायची असते त्याच्या उलट दिशेने. म्हणजे वळण एकीकडे, गिरकी दुसरीकडे. पाय आपोआप सोपी वाट धरतो, आणि दाते रोवण्याच्या ऐन क्षणी घोटा आत कलंडतो. झाली लुट्झची फ्लिप. स्केटिंगवाले याला ‘फ्लट्झ’ म्हणतात आणि तांत्रिक मंडळ खूण करतं, मग गुण कापले जातात. बर्फावर उमटलेली रेघ बघितली तरी चोरी कळते: खऱ्या लुट्झची रेघ एकाच बाजूला वळलेली असते, फ्लट्झची शेवटी इंग्रजी एससारखी मुरडलेली.

व्हिडिओ पाव वेगावर लावा. किम कोपऱ्याच्या दिशेने लांब, तिरकी येते, तिथून बघायला सुरुवात करा. उजवा पाय मागे गेला आणि दाते टेकले की थांबवा. त्या चित्रात डाव्या बुटाची वरची बाजू करंगळीकडे झुकलेली दिसेल. ही कड शेवटपर्यंत सुटत नाही. पुढे सगळं एका सेकंदाच्या आत संपतं.

उतरताक्षणी दुसरी उडी, ट्रिपल टो लूप. इथे भल्याभल्यांची गडबड होते. पहिल्या उडीत खांदे जास्त फिरले तर उतरताना शरीर फिरतच राहतं आणि डाव्या पायाचे दाते चुकीच्या जागी पडतात. वेग मेला तर दुसरी उडी उंच जाते, लांब जात नाही, आणि शेवटची पाव गिरकी बर्फावर पूर्ण करावी लागते. किम पहिल्या उडीत जेवढ्या वेगाने शिरते, जवळजवळ तेवढ्याच वेगाने दुसरीतून बाहेर पडते. परीक्षक जादा गुण देत ते यासाठी.

तिची फ्लिप मात्र नेहमी बिनडाग नव्हती. 2008 च्या चीनमधल्या स्पर्धेत तिच्या फ्लिपच्या कडेवर खूण झाली. ऑलिंपिकच्या हंगामात तिने जोड-उडी फ्लिपवरून काढून लुट्झवर नेली.

सोचीत तिचं सुवर्ण हिरावलं गेलं असं म्हणतात. खरं काय?
– वाचक, नवी पेठ

आकडे आधी. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर किम 74.92, रशियाची अदेलिना सोत्निकोवा 74.64. फ्रीमध्ये किम 144.19, सोत्निकोवा 149.95. एकूण 219.11 विरुद्ध 224.59.

फ्रीमधला 5.76 चा फरक फोडून बघा. सोत्निकोवाने सात तिहेरी उड्या ठेवल्या होत्या, किमने सहा. त्यामुळे घटकांची छापील किंमतच 61.43 विरुद्ध 57.49 होती. 3.94 ची आघाडी तिथेच. हा भाग कुणी हिरावलेला नाही, तो आखणीतला आहे. दर्जासाठी सोत्निकोवाला 14.11 आणि किमला 12.20 मिळाले, आणखी 1.91. कलागुणांत किम पुढे होती, पण केवळ 0.09 ने: 74.50 आणि 74.41.

वाद या शेवटच्या दोन ओळींचा आहे. सोत्निकोवाचं एका जोड-उडीत उतरणं बिघडलं होतं, किमची उघड चूक एकही नव्हती. अशा वेळी दोघींचे कलागुण सारखे यावेत, हे कोरियन प्रेक्षकांना पटलं नाही आणि आम्हालाही पटत नाही. त्या काळी कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे गुप्त ठेवत, त्यामुळे संशयाला वाटच मोकळी होती. इंटरनेटवरच्या अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. कोरियाच्या स्केटिंग संघाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ही गुप्तता रद्द केली.

किमने स्वतः निकालाविरुद्ध आवाज चढवला नाही. त्या संध्याकाळी देश चिडला होता आणि जिचं सुवर्ण गेलं ती शांत होती. तिच्याबद्दलचा आदर सुवर्णाने वाढला त्याहून या रौप्याने जास्त वाढला, असं आमचं मत आहे.

तिच्यानंतर कोण?
– वाचक, बाळे

पुष्कळ जणी, आणि त्याला एक नियम कारणीभूत आहे. जागतिक स्पर्धेत देशाची एकच खेळाडू असेल आणि ती पहिली किंवा दुसरी आली, तर पुढच्या वेळी त्या देशाला तीन जागा मिळतात. 2013 मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात किम एकटी गेली आणि 218.31 गुणांनी जिंकली. त्यामुळे सोचीला तिच्यासोबत पार्क सो-यॉन आणि किम हे-जिन या दोन कोवळ्या मुलींना ऑलिंपिक बघायला, खेळायला मिळालं. 2018 मध्ये चोई दा-बिन सातवी आली. 2023 मध्ये ली हे-इनने जागतिक रौप्य मिळवलं, महिलांमध्ये किमनंतर दहा वर्षांनी आलेलं पदक. त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये चा जुन-ह्वानलाही रौप्य मिळालं. या पिढीला तिकडे ‘युना किड्स’ म्हणतात.

मुलगी सात वर्षांची आहे. किम युनाचे व्हिडिओ बघून तिने हट्ट धरलाय. पण सोलापुरात मे महिन्यात पारा 43 वर, बर्फ कुठून आणायचा? काही करता येईल का?
– एक आई, होटगी रोड

येईल. बर्फासाठी गुरुग्राम, डेहराडून किंवा हिवाळ्यात शिमला गाठावं लागेल, ते सुट्टीत एखाद्या वेळी जमेल तेव्हा. रोजच्यासाठी चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग आहे. त्यातही अ‍ॅक्सल, लुट्झ, फ्लिप, गिरक्या सगळं असतं आणि भारतात त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. मात्र वेगाच्या शर्यतीचे एका ओळीतल्या चाकांचे स्केट घेऊ नका. दोन पुढे दोन मागे अशी चार चाकं आणि पुढे रबरी ठोकळा असलेले क्वाड स्केट घ्या. तो ठोकळा बर्फावरच्या दात्यांचं काम करतो.

बुटाच्या बाबतीत काटकसर नको. ‘पाय वाढतोय’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतला तर टाच आत उचलली जाते, घोटा लटपटतो आणि पोर कड कधीच शिकत नाही. पातळ मोजा घालून, नाड्या घोट्यापाशी घट्ट आणि बोटांपाशी सैल बांधून उभं करा. गुडघे वाकवल्यावर टाच जागची हलता कामा नये. 2006 च्या सुमारास नीट न बसणाऱ्या बुटांपायी किम युना खेळ सोडायच्या बेतात आली होती. मग सात वर्षांच्या मुलीचं काय!

जागा गुळगुळीत सिमेंटची हवी. अंगणातली शहाबादी फरशी टाळा. सांध्यात चाक अडकलं की मूल तोंडावर पडतं. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत सराव आटपा. हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड रोज.

पहिले तीन महिने उडी नाही. आठवड्यातून चार दिवस, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे. दहा मिनिटं अंग मोकळं करणं. मग एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत घसरणं, दोन्ही पायांनी, आधी सरळ, नंतर आतल्या आणि बाहेरच्या कडेवर वळत. बाहेरच्या कडेवर मुलं घाबरतात आणि दुसरा पाय टेकवतात. तिथे हात धरा, पण ओढू नका. खडूने मोठं वर्तुळ काढून दिलं तर त्या रेघेवर राहायचा खेळ होतो.

घरात, बूट न घालता, सतरंजीवर उड्यांची तयारी करता येते. दोन पायांवरून उडून आधी पाव फिरणं, मग अर्धं, मग पूर्ण, प्रत्येकी पाच वेळा. उतरायचं एकाच पायावर, गुडघा वाकवून, दोन्ही हात बाजूला, आणि तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. उतरताना आवाज ‘धप्’ असा आला तर गुडघा ताठ होता असं समजा. गुडघा किंवा टाच दुखते म्हणाली तर उड्या तिथेच थांबवा आणि दोन-तीन दिवसांत दुखणं गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.